कपाटावर पऱ्हाटी: जुन्या लाकडी कपाटावर हाताने ठसे छापण्याची पूर्ण रीत

आजीच्या आंदणात आलेलं सागवानी कपाट आमच्या माजघरात साठ वर्षं उभं होतं. उंची पाच फूट, रुंदी तीन फूट, वर दोन पल्ले, खाली तीन खण. त्याच्यावर चार वेळा ऑइलपेंट चढला होता, आणि शेवटचा फिकट निळा रंग जागोजागी पोपडे धरून सुटला होता. घरच्यांचं मत पडलं की ते काढून टाकावं आणि आर्वीहून माईकाचं नवीन आणावं. मी ते अंगणात काढलं. आज त्याच्या सगळ्यात खालच्या खणातून पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, खोड निघतं, वरच्या पल्ल्यांवर फांद्या पसरतात आणि गडद निळ्या रंगावर चाळीसेक बोंडं फुटलेली दिसतात. सगळं हाताने कोरलेल्या ठशांनी छापलेलं. त्यानंतर दोन संदुका, एक मसाल्याचं फडताळ आणि बहिणीचं पुस्तकांचं कपाट केलं. या सगळ्यांत जे हाताला कळलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

वेळेचा हिशेब आधी सांगते. छापायचं काम दोन सकाळींचं असतं. त्याच्या आधीची तयारी दहा-बारा दिवस घेते आणि नंतरचं वाळवण, वार्निश आणखी दोन आठवडे. मध्ये घाई केली की ती पुढची कित्येक वर्षं डोळ्यासमोर राहते.

कपाट निवडताना

जुनं सागवान मिळालं तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. ते साठ पावसाळे-उन्हाळे खाऊन झालेलं असतं, त्यामुळे नव्या लाकडाइतकं वाकत-पिळत नाही, आणि वाळवी त्याच्या गाभ्याला सहसा लागत नाही. आंब्याचं किंवा इतर मऊ लाकडाचं असेल तर मागची फळी आणि पाय नीट बघा. पेचकसाचं टोक पायाला दाबून बघायचं. टोक आत शिरलं तर तेवढा तुकडा सुताराकडून बदलून घ्या. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर घुणा लागलाय. लाकूड-किडीचं औषध सिरिंजने एकेका भोकात सोडा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन-तीन दिवस ठेवा, आणि भुसा पडणं थांबल्याची खात्री झाल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नका.

नवीन करायचं असेल तर चांगल्या प्रतीचा पाऊण इंची प्लायवूड घ्यावा. तो हवामानाने हलत नाही आणि छाप सपाट उठतो. नवीन सागवान घ्यायचं तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं सागवान बल्लारपूरच्या डेपोतून देशभर जातं, अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठीही २०२३ साली तिथूनच गेलं. मात्र खरेदीचं बिल आणि वाहतुकीचा परवाना हातात असल्याशिवाय लाकूड गाडीत चढवू नका.

आता हवामान. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. सव्वा फूट रुंदीच्या सागवानी पल्ल्यात या दोन महिन्यांत एक-दीड सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक पडतो. माझं पहिलं काम मी जूनच्या सुरुवातीला उरकलं. श्रावणात खण फुगले, मी ओढून उघडले आणि कडेचा छाप खरवडून निघाला. आमचे सुतारकाका ते बघून म्हणाले, "पह्यले लाकडाले निजू द्या, मंग रंगाचं पाहू." दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ या कामाला सगळ्यात चांगला. लाकूड ना फुगलेलं असतं ना तडकलेलं, रंगही बेताने वाळतो.

चित्र कपाटाच्या अंगाने ठरवायचं

बहुतेकांचं इथेच चुकतं. मनात एखादं सुंदर चित्र असतं आणि ते जसंच्या तसं पल्ल्यावर उतरवलं जातं. मग खणाची फट बरोबर पक्ष्याच्या मानेतून जाते, कडी बसते ती फुलाच्या तोंडावर.

मिलानच्या पिएरो फोर्नासेत्ती या कलाकाराने (१९१३–१९८८) वास्तुकार जिओ पाँती यांच्याबरोबर १९५१ च्या त्रिएनाले प्रदर्शनात एक उंच कपाट मांडलं होतं. त्याच्या पूर्ण दर्शनी भागावर जुन्या इमारतींच्या कमानी, खांब, जिने काळ्या रेषांत छापलेले. लांबून ते घराचं दर्शन वाटतं आणि पल्ला उघडला की आत पुन्हा वेगळं चित्र. छापील चित्र लाकडावर उतरवायचं, हाताने रंग भरायचा आणि वर वार्निशचे थर द्यायचे, अशी ती पद्धत. मी त्यातून दोन गोष्टी घेतल्या. पहिली, सगळे पल्ले आणि खण मिळून चित्र एकच असावं, प्रत्येक फळीवर सुटं सुटं नको. दुसरी, उघडल्यावर आतही काहीतरी मिळायला हवं.

म्हणून आधी कपाटाचं माप काढा. एका फुटाला एक इंच धरून वहीत आराखडा काढा, त्यात प्रत्येक फट, बिजागरी, कडी आणि कुलपाचं भोक दाखवा. मग त्या रेषांना धरून चित्र बसवा. उभ्या फटीवर खोड कधी आणू नका, कारण पल्ला अर्ध्या सुताने जरी खाली बसला तरी खोड मोडल्यासारखं दिसतं. फटीवर पान किंवा बोंड आडवं येऊ द्या. ते दोन भागांत विभागलं तरी डोळा जोडून घेतो. आमच्या कपाटाच्या तिन्ही खणांच्या पितळी मुठी मी न उमललेल्या बोंडांच्या जागी धरल्या आणि त्यांच्याभोवती फक्त पानं छापली.

विषयाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सजवायचं म्हटलं की लोक वारलीची माणसं काढायला घेतात. वारली ही डहाणू-पालघरकडच्या वारली समाजाची कला आहे, तिची स्वतःची रीत आहे, लग्नाचा चौक आहे. आपल्या ओसरीतून दिसणाऱ्या गोष्टी काय कमी आहेत? ज्वारीचं कणीस, पानगळ झालेल्या फांदीवर पेटलेला पळस, मोहाची फुलं, तान्ह्या पोळ्याचा चाकांवरचा लाकडी बैल, गोंदियाकडच्या तळ्याकाठचा सारस. सेवाग्रामला गेलात तर मातीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी उठावात केलेली ताडाची झाडं बघून या. घरातल्याच मातीत, दोन-तीन आकारांत, भिंतीचं रूप बदललं आहे.

पानाकडे जरा जवळून

मी पऱ्हाटी निवडली आणि ठसा कोरण्याआधी तीन दिवस धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून तिची चित्रं काढली. देशी कापसाचं पान खोल चिरलेलं असतं, बोटं पसरल्यासारखी अरुंद. आता सगळीकडे दिसणाऱ्या बीटी वाणांचं पान रुंद, तीन-पाच टोकांचं, चिरा उथळ. बोंडाखाली दातेरी तीन पानं असतात. बोंड फुटलं की चार-पाच पाकळ्यांत वाळून उलगडतं आणि प्रत्येकीत कापसाचा पुंजका लोंबतो. चित्रात लोक बोंड म्हणजे पांढरा गोळा काढतात. ठशात त्या पाकळ्यांमधल्या काळ्या भेगा राखल्या की लगेच ओळख पटते. आई पहिला छाप बघून म्हणाली, "हे वेचणीले आलं."

सुटं करणं आणि घासणं

पल्ले, खण, बिजागऱ्या, कड्या सगळं काढा. प्रत्येक भागाच्या मागे पेन्सिलीने नंबर आणि वरच्या बाजूला बाण. स्क्रू ज्या बिजागरीचे तिच्याबरोबरच पुडीत बांधा.

जुना रंग घासताना सावध राहा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा) जास्त नसावं असा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये ते बरंच असू शकतं. कोरडं घासून धूळ उडवू नका. रंग काढायचं केमिकल लावून पत्रीने खरवडा, राहिलेलं वॉटर पेपर ओला करून घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, लहान मुलं आणि गाई-बकऱ्या लांब ठेवा. खरवडलेला रंग पिशवीत बांधून टाका, शेणखतात जाऊ देऊ नका.

लाकूड उघडं झालं की ८० नंबरचा पेपर, मग १२०, मग १८०. नेहमी रेषेच्या दिशेने. सागवानात स्वतःचं तेल असतं, म्हणून शेवटी फडक्यावर थिनर घेऊन एकदा पुसून घ्या, नाहीतर प्रायमर धरत नाही.

जमीन

चित्राखालच्या रंगाला जमीन म्हणतात आणि छाप चांगला उठणं निम्मं तिच्यावर अवलंबून असतं. वुड प्रायमरचा एक हात द्या. तो वाळला की खड्डे-चिरा लांबीने (पुट्टीने) भरा, १८० ने घासा, पुन्हा प्रायमर, पुन्हा २२० ने हलकं घासणं. मग मॅट रंगाचे दोन पातळ हात. चकचकीत रंग घेऊ नका, त्याच्यावर ठसा घसरतो आणि कडा फाटतात. शेवटचा हात वाळल्यावर तळहात फिरवा. खडूच्या फळ्यासारखं, पण खरखरीत नाही, असं लागलं की जमीन तयार. दोन दिवस तशीच राहू द्या.

पल्ल्यांच्या आणि खणांच्या कडा जमिनीच्याच गडद रंगात रंगवा. मग फट सावलीसारखी दिसते, चित्रात मोड येत नाही.

लाकडाची रेष दिसायला हवी असेल तर रंगाऐवजी सीलरचे दोन हात देऊन ३२० ने घासा आणि त्यावर छापा. पळसाचा केशरी सागवानावर फार छान बसतो. पांढरा तेवढा उठत नाही.

ठसे चपलेच्या तळव्यातून

मी सुरुवातीला सागवानात ठसा कोरून घेतला. कापडावर तो अप्रतिम उठला, लाकडावर मात्र मधेमधे कोरा राहिला. कारण नंतर कळलं. कापड छापताना टेबलावर जाड गादी असते, ती दाबाखाली दबते आणि ठशाचा प्रत्येक भाग टेकतो. लाकडाखाली गादी नसते. तेव्हा मऊपणा ठशातच असावा लागतो.

चपलांचे तळवे ज्या फोमचे करतात त्याचे तक्ते चप्पल दुरुस्तीवाल्याकडे मिळतात. सहा मिलिमीटर जाडीचा घ्या, गुळगुळीत बाजू वर. चित्र बटर पेपरवर काढून उलटं करून फोमवर उतरवा, कारण छाप आरशासारखा उलटा पडतो. बाहेरची रेघ नव्या कटर ब्लेडने एका दमात कापा. करवतीसारखं पुढे-मागे केलं की कड चिरफाळते. पानाच्या शिरा कोरायची गरज नाही. बॉलपेनने दाबून रेघ ओढली की तिथे खाच पडते आणि छापात ती जमिनीच्या रंगाची उठते. कापलेला आकार अर्धा इंच प्लायवूडच्या तुकड्यावर रबरी डिंकाने चिकटवा, मागे धरायला लाकडी ठोकळा ठोका आणि वरची बाजू खुणेने दाखवा.

आमच्या कपाटाला सात ठसे लागले: खोडाचे वळणदार दोन, पान मोठं आणि लहान, फुटलेलं बोंड, बंद बोंड आणि पाती, म्हणजे फुलाची कळी. डाव्या-उजव्या बाजूला वळणारं पान हवं असेल तर दोन वेगळे ठसे लागतात. ठसा फिरवता येतो, पालथा करता येत नाही.

आधी कागदावर

ही पायरी कधीही टाळू नका. सगळे ठसे वर्तमानपत्रावर भरपूर छापा, कात्रीने कापा आणि कपाट तात्पुरतं जोडून त्यावर टेपने चिकटवा. दोन दिवस तसंच राहू द्या. येता-जाता बघा, लांबून, दिवेलागणीला, खण उघडताना. माझ्या मांडणीत सगळी बोंडं सारख्या अंतरावर आली होती, भिंतीवरच्या टाइल्ससारखी. खरी पऱ्हाटी खाली दाट आणि शेंड्याला मोकळी असते. वीस कागद उतरवून पुन्हा लावले. पटलं की फोटो काढा आणि प्रत्येक आकाराचा मध्य पांढऱ्या पेन्सिलीने बारीक ठिपक्याने खुणावून ठेवा.

छापणी

पल्ले आणि खणांचे दर्शनी भाग एका मोठ्या सपाट जागेवर, सतरंजीवर, मूळ क्रमाने आडवे मांडा. कपाटात जेवढी फट असते तेवढीच ठेवायची, म्हणून मधे एक सूत जाडीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या घाला. उभ्या कपाटावर छापायला जाऊ नका. दाब सारखा पडत नाही आणि रंग खाली ओघळतो.

रंग चित्रकलेचा जाड ॲक्रिलिक घ्या, नागपुरात सीताबर्डीकडे कलासाहित्याच्या दुकानांत मिळतो. भिंतीचा डिस्टेंपर किंवा इमल्शन पातळ पडतो. छापखान्याची तेली शाईही चालते आणि तिच्या कडा सुरेख येतात, फक्त वाळायला फार दिवस लागतात.

काचेच्या तुकड्यावर चमचाभर रंग घ्या आणि रबरी रूळ आडवा-उभा फिरवा. सुरुवातीला चपचप आवाज येतो. रंग सारखा पसरला की तोच आवाज बारीक चर्र असा होतो, टाचेखाली वाळलेलं पान यावं तसा. तो ऐकू आला की रूळ ठशावर फिरवा, दोन-तीन पातळ फेऱ्या. पहिला छाप नेहमी कागदावर. मग ठसा ठिपक्यावर सरळ खाली टेकवा, दोन्ही तळहातांनी मधून कडेकडे दाबत जा, मनात पाच मोजा आणि एका बाजूने उचला, पापड सोडवतो तसा. घसटला तर ओल्या फडक्याने लगेच पुसा. ॲक्रिलिक एक-दोन मिनिटांतच पकड घेतो.

उन्हाळ्यात हे काम करावंच लागलं तर सकाळी सहा ते नऊच्या मधे. अकरानंतर काचेवरचा रंग छापेपर्यंत सुकतो. थंडीतही ठसा चिकट लागू लागला की धुऊन, पुसून पुन्हा घ्या.

क्रम मागून पुढे ठेवा. आधी सगळं खोड आणि फांद्या, दोन तास थांबून पानं, दुसऱ्या दिवशी सकाळी बोंडं. फटीवर येणाऱ्या आकारांच्या वेळी पुठ्ठ्याची पट्टी जागची हलू देऊ नका. छापून झाल्यावर पट्टी काढा आणि कडेवर उतरलेला रंग बोटाने पुसा.

गडद जमिनीवर पांढरा एका छापात जरा विरळ उठतो. मला तो विरळपणा आवडतो, कापसात सरकी दिसावी तसा. अगदीच पुसट असेल तिथे वाळल्यावर बारीक ब्रशने दोन फटकारे मारा. सगळ्या बोंडांवर ब्रश फिरवलात तर छापाचा पोत मरतो.

वार्निश लावताना

ॲक्रिलिक छाप किमान सात दिवस सावलीत वाळू द्या. तेली शाई असेल तर पंधरा.

ॲक्रिलिकवर ब्रशने एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारू नका. त्यातला थिनर रंग विरघळवतो आणि पहिल्याच फटक्यात बोंड पसरतं. पाण्यावर चालणारं पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन) वार्निश घ्या, मऊ ब्रशने एकाच दिशेने, तीन पातळ हात, प्रत्येकात चार-सहा तासांचं अंतर. दुसऱ्या हातानंतर ४०० नंबरने अगदी हलकं घासा.

लाखेचं पॉलिश मला मनापासून आवडतं. गोंदियाकडे पळसावर लाखेचं पीक घ्यायची जुनी रीत आहे, म्हणजे हे पॉलिश आपल्याच मातीतलं. एक लिटर स्पिरिटमध्ये दोनशे ते अडीचशे ग्रॅम चपडा लाख (लाखेचे पातळ पापुद्रे) काचेच्या बरणीत रात्रभर भिजवून, गाळून घ्यायची. लोखंडी डबा वापरू नका, लाख काळवंडते. चूल, दिवा, विडी जवळपासही नको. पण लाख फक्त पूर्ण वाळलेल्या तेली शाईच्या छापावर लावावी, स्पिरिटने ॲक्रिलिक नरम पडतो. आणि चपड्याचा रंग मधासारखा असतो. केशरी पळसावर तो शोभतो, पांढऱ्या बोंडांवर चढला की पावसात सापडलेल्या कवडी कापसासारखं दिसतं. पावसाळी दमट हवेत लाख लावली तर पांढरट झाक धरते. कपाटाच्या माथ्यावर, जिथे पाण्याचा तांब्या ठेवला जातो, तिथे लाख नकोच.

आतलं अंग आणि जोडणी

पल्ल्यांच्या आतल्या बाजूला मी तान्ह्या पोळ्याचे पाच लाकडी बैल छापले, एका खाली एक. भाचीला तेवढ्यासाठी दिवसातून दहा वेळा कपाट उघडायचं असतं. खणांच्या तळाला त्याच पानाचा ठसा उठवलेली खादी कांजीने चिकटवली. वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ पासून खादी-ग्रामोद्योगाचं काम जपत आहे. नैसर्गिक रंगांतली खादी हाताळून बघायला एकदा तिथे जाऊन या.

वार्निशनंतर आठवडाभर थांबून मगच बिजागऱ्या लावा, सगळे स्क्रू आधी अर्धे फिरवून पल्ला सरळ आला की घट्ट करा. खणांच्या खालच्या कडांना आणि पट्ट्यांना मेणबत्ती घासा. कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे ठेवा, पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे. पुसायला कोरडं सुती फडकं पुरे. कधीमधी ओलं पिळून घेतलेलं चालेल, फिनाइल किंवा सोडा नको.

आणि श्रावणात एखादा खण अडला तर ओढाओढ करू नका, रंधाही लगेच चालवू नका. आतलं सामान काढून खण चार दिवस पंख्याखाली ठेवा. तरीही अडत असेल तर सुताराला सांगून फक्त खालची कड अर्धा सूत उतरवून घ्या. वरच्या आणि बाजूच्या कडेला हात लावायचा नाही, तिथपर्यंत पानं आलेली असतात.